लिफ्ट कुणी दुरुस्त केली?

...म्हणजे तीन दिवस लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, कोपरापर्यंत ग्रीस माखून घेऊन, मोटर खोलून, ब्रेक बदलून इस्पितळाची लिफ्ट चालू करायची आमच्या ताईने, आणि बैठकीत मोठ्या साहेबांपुढे छाती काढून कोण उभा? तर तिचा सुपरवायझर! आम्ही घरात त्याला गुळगुळ्या म्हणतो. "मी जातीनं लक्ष घातलं साहेब, म्हणून झालं!" जातीनं! अहो, त्याने तीन दिवस लक्ष घातलं ते फक्त चहात!

आणि ताई? मागच्या रांगेत गप्प! मी म्हटलं, "अगं, बोलायचंस ना!" तर म्हणते, "स्वतःच्या तोंडाने काय सांगायचं?" तुम्हाला सांगतो, या एका वाक्यापायी तिची बढती दोनदा हुकली! कारण काय, तर म्हणे, "तुमचं काम दिसत नाही." अहो, खड्ड्यातलं माणूस दिसणार कसं?

पण त्या दिवशी ती भांडी आपटत जेवायला बसली आणि एवढंच बोलली, "त्याच्याच तोंडून वदवते." काटा आला हो अंगावर!

आणि पंधरा दिवसांत काय व्हावं? त्याच लिफ्टमध्ये मोठे साहेब आणि गुळगुळ्या, दोन मजल्यांच्या मध्ये अडकले! नाही नाही, तिने नाही अडकवली... कुणीतरी खाट ढकलताना ती दारावर आदळली होती, दार वाकलं होतं. ताई आली, वरून दार वीतभर उघडलं, आत टॉर्च मारला.

"लवकर काढा हो!" गुळगुळ्या किंचाळला.

"काढते ना. मागच्या वेळी तुम्हीच दुरुस्त केली होती, कशी केलीत ते सांगा, तशीच करते."

गुळगुळ्याने साहेबांकडे चोरून पाहिलं.

"ती... तुम्हीच..."

"ऐकू येत नाही! मोठ्याने!"

"तुम्ही केली होती! एकट्या तुम्ही!"

"आणि गेल्या वर्षी ती मागच्या दाराजवळची लिफ्ट?"

"तीही तुम्हीच, बाई!"

बरोबरच आहे, स्वतःच्या तोंडाने काय सांगायचं! पाच मिनिटांचं काम, पण बाईसाहेबांनी वीस मिनिटं चवीचवीने केलं.

आठवड्यात पत्र आलं. ताई सुपरवायझर! घरभर नाचलो आम्ही! आणि गुळगुळ्या? साहेब भर बैठकीत गहिवरले, "हाताखालच्या माणसाला इतक्या मोकळ्या मनाने श्रेय देणारा अधिकारी मी आजवर पाहिला नाही!"

...मॅनेजर केलाय त्याला. ताई रोज त्यालाच जाऊन काम दाखवते.