भुंडा हात

सुमनबाईंवर अन्याय झाला तो थोरल्या लेकीच्या लग्नाच्या आदल्या दुपारी, भर मांडवात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. करणारी माणसं घरचीच होती आणि हसत होती. म्हणून त्याला कुणी अन्याय म्हटलं नाही. आता त्या सांगतात तसं ऐका.

माझं माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत, लाइनीवर. पाण्याचे लय हाल बघितले, टँकर आला की हंडे घेऊन पळायचं. आम्ही पोरी रुळावर तळहात ठेवायचो, गाडी दिसायच्या आधी रूळ थरथरतो, हाताला मुंग्या आल्यासारखं होतं, ज्या पोरीला आधी कळेल ती ओरडायची, गाडी चालू हाय! मग पळायचं. हे कशाला सांगते ते कळंल तुम्हाला पुढं.

सासर मिळालं नाशिकजवळ, बागायतीतलं. मेथी, कोथिंबीर, शेपू, पाणीच पाणी. मला वाटलं सुटले बाई. पहाटे जुड्या बांधायच्या अन् पंचवटीच्या बाजारात न्यायच्या, जन्म वाकून गेला. कंबर दुखायची म्हणून मेडिकलमधून गोळी आणायची, वर्षानुवर्षं खाल्ली, कुणी म्हणलं नाय की बाई रोज नको खाऊ. बीपी कधी मोजलं नाय. मग तोंड सुजायला लागलं, पाय सुजले, जिन्यावर दम लागायचा. डॉक्टर म्हणले दोन्ही किडन्या गेल्या, रक्तातली घाण अन् जादा पाणी काढायचं काम त्यांचं, ते आता मशीन करणार, एक दिवसाआड यायचं. अन् पाणी घोट घोट प्यायचं. काय सांगू तुम्हाला, माहेरी पाणी नव्हतं अन् इथं पाटाला वाहतंय तर मला प्यायची बंदी.

मशीनला रक्त जोरात लागतं, म्हणून डाव्या मनगटाजवळ ऑपरेशन करून दोन नसा एकमेकींना जोडल्या. फिस्टुला म्हणतात. सिस्टरनं माझा उजवा हात धरून त्याच्यावर ठेवला, म्हणली लागतंय का हाताला? अन् अगबाई, रूळच तो! तसाच थरथरत होता. मी म्हणले सिस्टर, गाडी चालू हाय. ती लय हसली. म्हणली, हीच तुमची गाडी, रोज सकाळी हात लावून बघायची. या हाताला सुई टोचू द्यायची नाय, बीपीचा पट्टा नाय, घड्याळ नाय, बांगडी नाय, त्याच्यावर झोपायचं नाय. गाडी बंद पडली तर तशाच निघून या, थांबू नका. आमचे मालक शेजारीच उभे होते, सगळं ऐकलं त्यांनी.

तर लग्नाच्या आदल्या दुपारी कासारीणबाई आल्या चुडा भरायला. मी उजवा हात पुढं केला अन् डावा पदराखाली. आमच्या नणंदबाई, आक्का, त्यांनी बघितलं. म्हणल्या, का गं, माझा भाऊ चांगला धडधाकट फिरतोय अन् तू लेकीच्या मांडवात भुंडा हात घेऊन बसती? मी म्हणले आक्का, मशीनचा हात हाय तो, चालत नाय. म्हणल्या, काचेच्या बांगडीनं कुणी मरत नाय. अन् हात धरून ओढला. कासारीणबाईंनी साबण लावला, दाबला अन् थांबल्या, म्हणल्या बाई, याच्यात काय चालू हाय? तर बाया काय म्हणल्या, लेकीच्या लग्नाची धडधड हाय ती! सगळा मांडव हसला. मी मालकांकडं बघितलं. ते मंडपवाल्याशी बोलत होते, तिथूनच म्हणले, एका दिवसाचं तर हाय, घाल ना.

हात आधीच जाड झालेला, घट्ट चुडा चढला मनगटापासून. संध्याकाळी काढाया गेले तर आक्का म्हणल्या, हळदीच्या अंगानं चुडा फोडती का? रात्री पाव्हण्यांच्या दाटीत डाव्याच कुशीवर डोळा लागला. सकाळी बांगड्या सारून हात लावला. गार. काही नाय. मालकांना कोपऱ्यात नेऊन म्हणले, गाडी बंद पडली, दवाखान्यात चला. ते म्हणले, अक्षता पडू दे.

अक्षता पडल्या. पोर सासरी गेली. डॉक्टर म्हणले, उशीर झाला, गुठळी झाली. मग मशीनसाठी मानेत नळी घातली, नळीतून ताप भरला, थंडीनं खाट हलायची. आक्का भेटायला आल्या अन् म्हणल्या, देवाची मर्जी. देवानं ओढला होता काय माझा हात?

आता परत ऑपरेशन करून गाडी उजव्या हातात केलीय, हा कामाचा हात. जड उचलायचं नाय, क्रेट उचलायचं नाय. डाव्यानं जुड्या बांधते, वाकड्या होतात. एकेका माणसाला असे किती हात असतात?

अन् येत्या महिन्यात त्याच थोरलीचं, वैशालीचं, डोहाळजेवण हाय, आमच्याच घरी. परत कासारीणबाई येणार, हिरवा चुडा. आक्कांनी आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळेला तरी नखरे नको. पोरीला फोन केला तर म्हणती, आई, आत्याला मी काय बोलू गं, तूच सांभाळून घे. मालक डायलिसिसला नेतात, आणतात, जेवणाचा डबा घेऊन बसतात, त्यांना वाईट कसं म्हणू? पण बायांपुढं तोंड उघडत नाय.

मी नाय म्हणून बघितलं, एकटीनं म्हणून भागत नाय. म्हणून वाचणाऱ्यांनो, तुम्हालाच सांगते. तुमच्या मांडवात एखादी बाई हात पदराखाली घेईल, तेव्हा हसू नका. तिच्या शेजारी जाऊन बसा अन् म्हणा, हा हात भुंडाच राहील. मोठ्यानं म्हणा, घरातल्या आक्काला ऐकू जाईल असं, अन् दारात उभ्या मालकाला बी.