मचूळ विहिरीचं पाणी

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी भाऊबहीण बसले होते. भावाच्या शर्टावर सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा बिल्ला होता.

“दादा, आई पाणी मागतेय. आपल्या शेतातल्या विहिरीचंच हवं म्हणते. जाऊन कॅन भरून आण ना.”

“छकू, ती विहीर आटून दोन वर्षं झाली.”

“मग दर रविवारी कॅन कुठून भरून आणायचास?”

“केंद्रातून.”

“म्हणजे सांडपाण्याचं?”

“होतं सांडपाणी. आमच्या यंत्रात बारीक छिद्रांचा पडदा असतो, त्यातून दाबून काढलं की मीठसुद्धा उरत नाही. मी रोज तेच पितो.”

“पण ‘गटाराचं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही,’ असं तिनं तुझ्या साहेबांना तोंडावर सांगितलं होतं.”

“म्हणूनच बोललो नाही. पहिल्या खेपेला तिला शंका आली होती. पडद्यातून आलेलं पाणी अगदी बेचव लागतं, आणि आपली विहीर मचूळ. मग चिमूटभर मीठ टाकायला लागलो. नोकरीभर पाण्यातलं मीठ काढलं, आणि आईसाठी परत घातलं.”

“आणि कॅनच्या बुडाला चिखल असायचा, तो?”

“तोही मीच लावायचो.”

“मला तरी सांगायचंस.”

“तुझ्या पोटात काही राहतं का?”

“डॉक्टर म्हणाले, आता ती मागेल ते द्या.”

“तिला खरं सांगू या का, छकू? निदान आता?”

“ऊठ, दादा. लवकर जाऊन ये. आणि मीठ विसरू नकोस.”