सवतीला माझ्या गोळ्या

सवतीचा त्रास काय असतो ते मला विचारा. माझी सवत बेडकी होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही टोकरखाड्याला राहायचो. जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यामागे ह्यांना ती सापडली. घरी आणून काचेच्या टाकीत ठेवली आणि नाव दिलं राणी. मला लग्नापासून 'अगं'च्या पुढे कधी काही म्हटलं नाही.

एकदा बघते तर हे खलबत्त्यात माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटतायत. ती भुकटी डब्यात घातली, त्यात नाकतोडे सोडले आणि डबा असा हलवला, जसा मी बोंबलांना रवा लावते. मग ते पांढरे झालेले नाकतोडे राणीपुढे.

"अहो, त्या माझ्या गुडघ्यांच्या गोळ्या."

"तिचे मागचे पाय लुळे पडतायत गं. नुसती भुकटी ती खात नाही, किड्याला लावूनच द्यावी लागते."

"आणि माझे पाय?"

"तू दूध पितेस ना."

माझ्यासाठी ह्या माणसाने कधी पापडसुद्धा भाजला नव्हता.

पुढच्या महिन्यात गुडघे दाखवायला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्यांनी काही फरक?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "फारच फरक, डॉक्टर. आधी जागची हलत नव्हती, आता उडी मारून नाकतोडा धरते."

डॉक्टर पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं. "गोळ्या ती दुसरी खाते."