मुठीत बघायचं नाही

…कारण दान देताना मुठीत काय आहे ते बघायचं नाही, असा आमच्या घरचा नियम आहे, आणि का बघायचं नाही हे विचारायचं नाही, हा त्याच्यावरचा दुसरा नियम, आणि तुम्हाला सांगते, मी आठ वर्षांची असल्यापासून हे दोन्ही पाळत आले. मी! जी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे, जिला पगारच बघण्याचा मिळतो, पार्ट उचल, बघ, चरा दिसला की लाल ट्रेमध्ये टाक, दिवसाला पाचशे पार्ट बघते मी, आणि घरची मूठ? ती बघायची नाही. कुसुमआत्या सांगणार, "बघितलं की पुण्य जातं गं बाई." कुठे जातं? कोण नेतं?… विचारायचं नाही.

आता त्या मुठीत असतं काय? तर माझ्या श्यामकाकांचं कासारवाडीला स्टेशनजवळ वह्या-पेनांचं दुकान आहे, तीस वर्षांचं जुनं. तीस वर्षांत काय काय झालं बघा, एकाची नोट गेली, दोनाची गेली, पाचाची दिसेनाशी झाली, दहाची आहे ती चिकटपट्टीवर जगते आहे, सगळ्यांच्या जागी नाणी आली, आणि मग त्या नाण्यांतलीही बारकी बारकी आजारी पडायला लागली. चार आणे सरकारनेच बंद केले, मी शाळेत होते तेव्हा. आठ आणे सरकार म्हणतं चालतात, पण घेणारा एक माणूस दाखवा मला. आणि रुपयाचं ते शर्टाच्या बटणाएवढं नाणं, ते हातावर ठेवलं की रिक्षावाला असा बघतो, जसं काही मी त्याच्या हातावर मेलेली माशी ठेवली. ही सगळी प्रजा काकांकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. एखाद्या गिऱ्हाइकाने असलं नाणं काढलं की काका मान न उचलता म्हणणार, "चालत नाही राव, दुसरं द्या." मग डबे रिकामे करायचे कुठे? आळंदीला. आजोबांच्या तिथीनंतरच्या रविवारी, घाटावर, दान म्हणून. जे कासारवाडीत चालत नाही ते आळंदीत चालतं, असा काकांचा शोध. आणि मूठ माझी, कारण मुलीच्या हातचं जास्त पोचतं म्हणे. मी इंजिनिअर झाले, तरी मूठ माझीच. काका पिशवी धरणार, आत्या मागून नामस्मरण करणार, मी हात घालणार, समोरच्या पदरात ओतणार, नजर वर, कळसाकडे. मुठीत बघायचं नाही.

तर यंदाही तसंच चाललं होतं. पाच-सहा जणांना दिलं. मग पायरीच्या टोकाला एक म्हातारी, हिरवं लुगडं, समोर कापसाच्या वातींच्या जुड्या मांडलेल्या. म्हणजे ती मागायला बसलेलीसुद्धा नव्हती, विकायला बसली होती! पण काकांना तेवढं बघायला वेळ कुठे? "हं, अनू, घाल." मी घातली. आणि तुम्हाला सांगते, नियम आम्हाला होता, तिला नव्हता. तिने बघितलं. पदरातलं एकेक नाणं बोटाने बाजूला सारत, शांतपणे, मी पार्ट बघते ना, अगदी तसं.

म्हणाली, "ताई, ही न्हाई चालत."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "चालतात हो मावशी, सरकार म्हणतं चालतात."

"सरकार येतं व्हय वाती घ्यायला?"

आत्याचं नामस्मरण थांबलं. बाजूच्या फुलवालीने विचारलं, "काय झालं गं चिमाबाई?" तर चिमाबाई म्हणाली, काही न्हाई, आणि काकांकडे बघून म्हणाली, "मालक, तुमचं कासारवाडीला दुकान हाय न्हवं? मागल्या साली तुमीच म्हनला, कधी आलात तर या म्हणून." काका खुलले. असतातच ते तसे, कुणालाही या म्हणतात. "हो हो, आहे की. आला होतात का?"

"आले व्हते की. लेक तिकडंच दिलीय. नातीला वही पायजे व्हती, चौकटीची. म्हणलं, ह्यांचेच पैसे हायेत, दुसरं कुनी घेईना, ह्ये तरी घेतील. गाठोडं घेऊन आले, बसनं. तर म्हनले, चालत न्हाईत."

काका म्हणाले, "मी? छे, मी असं म्हणणार नाही."

म्हणणार नाही? रोज दहा वेळा म्हणतात. मला आतून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते आज घाटावर, चारचौघांत… आणि तेवढ्यात चिमाबाई म्हणाली, "तुमी नव्हता. ह्या ताई व्हत्या गल्ल्यावर."

…ह्या ताई. म्हणजे मी.

आणि मला आठवलं हो. शनिवार होता, सुट्टी होती, काका जेवायला गेले होते, मी गल्ल्यावर, कानाला फोन, काउंटरवर कुणीतरी फडक्याची गाठ सोडली, मी नाण्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "चालत नाहीत मावशी, दुसरं द्या." मान न उचलता. नाण्यांकडे अगदी नीट बघितलं मी. तिच्याकडे बघितलं नाही. काकांचाच सूर, काकांचाच शब्द. म्हणजे मूठ तर माझी होतीच, तोंडही त्यांचं मीच घेऊन फिरत होते!

मग मला काय झालं… लाज वाटते सांगायला. मी पर्स उघडली, म्हटलं, हिला वहीचे पैसे देऊ, आत्ताच्या आत्ता. पर्समध्ये कंपनीचं ओळखपत्र, लिपस्टिक, आणि रोख? शून्य. मी सगळं फोनवर करते ना. तर मी त्या बाईला, घाटाच्या पायरीवर, वातींच्या जुड्यांसमोर, विचारलं, "मावशी, स्कॅनर आहे का?"

फुलवाली हसली. चिमाबाई हसली नाही, तेच वाईट. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. पोरीची परीक्षा झाली कवाच. पाठकोऱ्या कागदावर केला तिनं अभ्यास."

आणि काका काय म्हणाले असतील? काका म्हणाले, "चल अनू, पुढे चल, अजून अर्धी पिशवी आहे." आत्या म्हणाली, "घाल गं मूठ, वेळ टळते. आणि बघू नकोस तेवढं."

मी म्हटलं, "नाही घालणार."

"म्हणजे?"

"म्हणजे आज नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मला दिसतंय मुठीत काय आहे ते. तुम्हालाही दिसतंय, पंधरा वर्षांपासून दिसतंय, म्हणून तर बघायचं नाही. आत्या, पुण्य नाही जात बघितल्यावर. घशाखाली घास जात नाही!"

काकांच्या हातातली पिशवी तेवढी लोंबत होती. मला पुढे बोलायचं होतं, भाषण तयार होतं माझं, मुद्द्यांसकट, पण ते गल्ल्यावरचं सारखं कानात वाजत होतं, दुसरं द्या, दुसरं द्या.

शेवटी चिमाबाईच बोलली. वातींच्या जुड्या बाजूला केल्या, पदर पसरला, आणि समजूत काढावी तसं म्हणाली, "घरच्या मान्सात भांडू नगा माझ्यापायी. द्या मालक ती हिकडं. तुमी तरी कुठं खपवाल?"