राणीवाचून पाठवलेली पेटी

मधमाशीचं अंडं तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक असतं. पहिल्या दिवशी ते मेणाच्या घराच्या तळाशी सरळ उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं. मग त्यातून अळी निघते, ती पाच दिवस खाते, आणि माश्या तिच्या घरावर मेणाचं झाकण घालतात. तीन आणि पाच, आठ दिवस. मंडळी, हा आकडा ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे!

आता प्रश्न ऐका. खोटं बोलणारा पापी, हे लहान पोरसुद्धा सांगेल. पण ज्याला खरं ठाऊक आहे आणि जो गप्प बसतो, त्याला काय म्हणाल? सज्जन? भिडस्त? "जाऊ दे, आपल्याला काय करायचंय" असं म्हणणारा शहाणा? सांगा ना! — बघा, आत्तापासूनच सगळे गप्प!

मुके राहुनी पुण्य जोडिती । दोष दुजाच्या दारी ठेविती ।
मेणाचे झाकण सत्यावरती । किती दिस पुरावे ॥

डोंगरात कारवंडी नावाचं गाव. कारली, काकडी, भोपळ्याचे मांडव. मांडवाला फुलं मायंदाळ, पण माशी फिरली नाही तर फूल गळतं, फळ धरत नाही. म्हणून त्या भागात लोक मधमाश्यांची पेटी विकत आणतात. — आमचे हार्मोनियमवाले, पेटीवाले, का दचकले? तुमची पेटी नाही हो! तुमच्या पेटीला राणी लागत नाही, नुसता चहा लागतो!

मधाच्या पेटीला मात्र राणी लागते. अंडी घालणारी ती एकटी. ती नसेल तर जुन्या माश्या मरतात, नव्या येत नाहीत, आणि दीड-दोन महिन्यांत पेटी रिकामी. फळी उरते, फळ नाही.

या पेट्या विकायचे अंकुशअण्णा. कपाळाला बुक्का, बोलणं गुळचट, आणि तोंडात एक ठरलेलं वाक्य — "माशी देवाची. पापाच्या घरात ती राहत नाही!" गिऱ्हाइकाला पेटी देताना तिच्यावर लाल दोरा बांधायचे, हळदकुंकू लावायचे आणि बजावायचे, "नऊ दिवस दोरा सोडायचा नाही. घट बसवलाय असं समजा. दोरा तुटला की राणी रुसली!"

लोक हात जोडायचे. का नाही जोडणार? दोरा लाल, हळद पिवळी, माणूस गोड! एवढं असल्यावर विचार कशाला करायचा?

अण्णांची बायको सगुणा. आपली गोष्ट तिची आहे. तिचा बाप रानातला मध काढणारा. त्यानं मांडीवर बसवून तिला पोळं वाचायला शिकवलं होतं. "सगुणे, अंडं उभं दिसलं की समज, राणी काल इथं होती." अक्षरओळख नंतर झाली, अंड्याची आधी! अण्णा बोलण्यात हुशार, पण माशीत हात घालायची ती सगुणा.

सहा वर्षांपूर्वी अण्णांनी एका पेटीच्या दोन पेट्या केल्या. अर्धी पोळी इकडे, अर्धी तिकडे. पण राणी एकच! ती एका पेटीत गेली, दुसरी पेटी पोरकी. आता माशीचं शहाणपण बघा — राणी गेली की माश्या रडत बसत नाहीत. कोवळ्या अळ्या निवडतात, त्यांच्यासाठी पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी घरं बांधतात, आणि त्यातून नवी राणी घडवतात. महिनाभर थांबायचं, बस्स!

अण्णांना महिना जड झाला.

"सगुणे, त्या शेंगा काप," ते म्हणाले.

"अहो, कापल्या तर राणी कशी होईल?"

"आणि ठेवल्या तर? जाणतं गिऱ्हाईक शेंग बघतं आणि विचारतं, राणी कुठंय? आठ दिवस, दिसेल ती शेंग काप. नंतर कोवळी अळीच उरत नाही, शेंगही येत नाही. पेटी कशी स्वच्छ दिसते!"

स्वच्छ! मंडळी, चोर पाऊलखुणा पुसतो त्यालाही स्वच्छताच म्हणतात!

सगुणानं पहिल्यांदा कापली तेव्हा माश्यांची माफी मागितली. दुसऱ्यांदा मनातल्या मनात. पाचव्या पेटीला मागितलीच नाही. आणि त्याच दिवशी तिला स्वतःची भीती वाटली.

असं सहा वर्षं चाललं. निम्म्या गिऱ्हाइकांना राणीची पेटी मिळायची. ते अण्णांची वाहवा करत फिरायचे. निम्म्यांची पेटी ओस पडायची. ते भांडायला यायचे आणि अण्णा हळूच विचारायचे, "घरात कुणाचा तळतळाट आहे का? भावाभावात वाद? देवाचं काही राहिलंय?" झालं! भांडायला आलेला माणूस मान खाली घालून परत! कोणाच्या घरात काही ना काही नसतं हो? एका म्हाताऱ्यानं तर पेटी मेली म्हणून देवळात येणं सोडलं. भावाला फसवलं होतं तरुणपणी, त्याची शिक्षा समजला तो! आणि सगुणाला ठाऊक होतं, शिक्षा नव्हती. शेंग कापलेली होती.

दर संक्रांतीला ती ठरवायची — यंदा बोलायचं. मग बायका यायच्या, ओटी भरायच्या, म्हणायच्या, "वहिनी, तुमच्या घरी साक्षात देवाची माशी!" आणि तिळगूळ तोंडात धरून सगुणा पुन्हा गोड बोलायची. सहा संक्रांती!

यंदा पेटी नेली मंदानं. मंदा कारवंडीचीच सून. लग्नाला सात वर्षं, पोर नाही. सासूनं, काशीआत्यानं, एकदाच सांगितलं होतं, "ही पेटी तुझ्या हातानं टिकली तर समजेन, तुझा पायगुण बरा आहे. नाहीतर माहेरची वाट धर. माझ्या पोराला दुसरी बघते." ऐकलंत? सुनेचं लायसन माश्यांच्या हातात!

तिसऱ्या दिवशी मंदानं दोरा सोडला. मुद्दाम नाही! पेटीला मुंगळे लागले होते, ते झटकायला झाकण उचललं. आत माश्या सैरभैर, घरघर आवाज. राणी शोधली, दिसेना. काशीआत्यानं पाहिलं आणि सगळी आळी गोळा केली.

सकाळी भैरोबाच्या सभामंडपात पेटी आणून ठेवली. पोलीस पाटील नामदेवतात्या बसले. अण्णा आले, सगुणा मागून आली.

मंदा म्हणाली, "अण्णा, पेटीत राणी नाही. मला दुसरी पेटी द्या."

अण्णा हसले. "पोरी, नऊ दिवस म्हणालो होतो. कितव्या दिवशी सोडलास दोरा?"

"तिसऱ्या."

"बघा तात्या! देवाचा दोरा तिनं तोडला आणि मी राणी देऊ!"

"पण अण्णा, आणली त्या दिवशी तरी होती का?"

अण्णांचा आवाज आणखी मऊ झाला. मंडळी, आवाज असा मऊ झाला की सावध व्हा! ते म्हणाले, "बाई, मी बोलणार नव्हतो. पण ज्या घरात सात वर्षं पाळणा हलला नाही, तिथं राणी कशी राहील? ती आई असते. तिला कळतं."

सभामंडपात तीस माणसं होती. एक बाई "चक् चक्" म्हणाली, तेवढंच. मंदानं पदर तोंडाला लावला. काशीआत्या उठली. "झालं ना? आता भैरोबाच्या समोरच सांगते. बांध तुझी पिशवी."

मला राग कशाचा येतो सांगू? अण्णाचा येतो, तो तर येणारच! पण त्याहून जास्त त्या "चक् चक्"चा येतो. एक बाई उभी जळत होती आणि तीस माणसं हळहळत होती! हळहळीनं कधी आग विझलीय? पाणी लागतं! अण्णाच्या जिभेवर देव होता. आणि ह्या तीस जणांच्या पोटात काय होतं?

मंदाच्या प्रश्नाला अण्णांनी सरळ उत्तर दिलंच नाही, हे नामदेवतात्यांना मात्र खटकलं. ते म्हणाले, "सगुणावहिनी, माशीतलं तुम्हांला कळतं. जरा बघता का, राणी कधी गेली ते?"

अण्णा पटकन म्हणाले, "तिला काय विचारता? चल गं घरी, चुलीवर दूध ठेवलंय."

दूध! दुनिया बुडते आणि ह्यांचं दूध उतू जातं!

सगुणा गेली नाही. पेटीशी बसली. पोळं लागलेली फळी हळूच वर उचलली, उन्हाकडे धरली. माश्या तिच्या बोटांवरून चालत गेल्या. एकही चावली नाही. ती घरं बघू लागली. उभं अंडं नाही. कललेलं नाही. आडवं नाही. अळी एकही नाही. सगळीकडे मेणाची झाकणं.

आता काढा तो आकडा! तीन आणि पाच? — आठ! राणी जाऊन निदान आठ दिवस झाले असतील तरच पोळं असं दिसतं. आणि पेटी मंदाच्या घरात किती दिवस होती? — तीन! मग राणी कोणाच्या घरी नव्हती? बोला!

आणि नऊ दिवसांचा दोरा कशाला होता, हे आत्ता कळलं ना? दहाव्या दिवशी पेटी उघडली असती तर हेच पोळं बघून म्हणता आलं असतं, राणी तुमच्या घरून गेली. पुरावा आठ दिवस टिकतो, म्हणून व्रत नऊ दिवसांचं! हा देवाचा दोरा होता का हो? देवाच्या गळ्यात घातलेला चोराचा दोरा होता तो!

सगुणानं फळी उलटी केली. पोळ्याच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी मेण तिरकं कापलेलं होतं, डावीकडून उजवीकडे. कोणाला ते दिसलंही नसतं. पण सगुणा डावखुरी. तिनं आपला घाव ओळखला.

मागून अण्णा पुटपुटले, "सगुणे, संसार आठव."

समोर मंदा खरंच पिशवीचे बंद बांधत होती.

थांबा, मंडळी. सगुणाला इथंच, फळी हातात देऊन, बसवून ठेवते थोडा वेळ. तुम्ही सांगा, तुमच्या हातात कोणती फळी आहे? शेजारच्या सुनेचा दोष नाही, हे कोणाला ठाऊक आहे? मापात खोट आहे, हे दुकानात बसून कोण बघतंय? कोण म्हणतंय, संक्रांत होऊ दे, लग्न उरकू दे, मग बोलेन? तुम्ही कापलं नसेल. पण कापलेलं दिसतंय ना? मग इथं टाळ्या वाजवून पुण्य मिळणार नाही! देव माशी पाठवून परीक्षा घेत नाही हो. तो फक्त तुम्हांला दिसेल असं करतो, आणि वाट बघतो.

सगुणानं फळी तात्यांच्या पुढ्यात ठेवली. मंदाजवळ गेली, तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. नवऱ्याकडे वळली. आवाज लहान होता, पण सभामंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचला.

"राणी हिच्या घरून गेली नाही. राणी आमच्या घरून निघालीच नव्हती. नव्या राणीच्या शेंगा मी कापल्या, ह्या डाव्या हातानं, सहा वर्षं. तात्या, गावात जेवढ्या पेट्यांना आमचा दोरा आहे, ते सगळे आत्ता सोडा. मी घरोघरी येऊन सांगते, कुठली आम्ही मारली!"