दोन बोटं उंच

मंडळी, देवाला हात जोडून झाले, आता जरा रस्त्याकडे बघू. रविवारी सकाळी आपल्या वाईतून त्या शर्यतीच्या सायकली जातात, पाहिल्यात ना? सडपातळ, काळ्याभोर, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं! मागे बसलेले आबा परवा मला म्हणाले, "ताई, आमच्या वेळी घंटेवरून कळायचं कोण आलं ते. आता रांगच्या रांग गेली तरी वाटतं, एकच सायकल पुन्हा पुन्हा जातेय!"

खरंय, आबा! ब्रेकच्या तारा दांड्यांच्या पोटात लपल्या, दांडे चपटे झाले, रंग सगळ्यांचा काळा. पण बनवणाऱ्यांना नावं ठेवू नका हो. कारखाने वेगळे, वारा एकच! त्या वाऱ्यातून अंग चोरून निघायची वाट शोधता शोधता सगळ्यांना एकच आकार सापडला. मग माझा प्रश्न असा — सगळंच सारखं दिसू लागलं, की आपलं काय ते ओळखायचं कशावरून?

ऐका. (टाळ हळू हं, पुढच्या ओळीत बाळ झोपलंय.)

एक होती ऋजुता चोरगे. लग्नाआधीपासून सायकलवर घाट चढणारी. लेक झाली, सायकल भिंतीला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आई झालीस, आता कसली गं सायकल? सगळ्यांसारखी राहा की!" ऋजुता हसली. पण ते शब्द आत कुठेतरी रुतले. लेक रांगू लागली तशी तिनं सायकल पुसली. महिनाभर सपाटीवर चालवली आणि सायकल क्लबच्या निवडीला नाव दिलं. पसरणी घाट चढायचा; माथ्यावरचा झेंडा उतरायच्या आत पोहोचेल तीच संघात!

निघताना सासूबाईंनी बाटली हातात दिली. "ओव्याचं पाणी आहे. अंगावर पाजणारी बाई तू, साधं पाणी नको." ऋजुतानं बाटली सायकलच्या दांड्याला अडकवली.

पायथ्याच्या देवळाशी सगळ्यांनी सायकली भिंतीला टेकवल्या, दर्शन घेतलं, शिट्टी वाजली — आणि पळापळ! दिसली काळी सायकल, टाकली टांग!

चढ लागला. दोन वळणांतच ऋजुताचा गुडघा ठणकू लागला. पाय पॅडलपर्यंत ताणावा लागतोय, कंबर डावी-उजवी हलतेय. तिला काय वाटलं असेल? सायकल बिघडली? छे! बाईमाणूस आधी स्वतःलाच दोषी धरतं! "माझं अंगच गेलं. आता मी ती उरले नाही."

एका वळणावर ती उतरली. डोळे भरलेले. परतावं म्हणून सायकल वळवली, घसा कोरडा पडला म्हणून बाटली तोंडाला लावली —

लिंबाचं सरबत!

ओवा कुठे गेला? तिनं सीटला हात लावला. दोन बोटं उंच! अहो, सायकलच दुसरीची!

तेवढ्यात वरून कुणीतरी उतरत आलं. देवयानी पिसाळ, क्लबातली सगळ्यांत चपळ बाई.

"ऋजे! बाटलीत काय भरलंयस गं? दोन घोट गिळले मी. आता मलाही पाळणा बांधावा लागतोय की काय!"

ऋजुताला हसावं की रडावं कळेना. "पण तू खाली का आलीस? एवढा चढलेला घाट घालवलास? सीट खाली असली तरी तू पोहोचली असतीस!"

"पोहोचले असते," देवयानी म्हणाली. "पण माझा अद्वय झाल्यावर पहिल्या चढाला मी अशीच रडले होते. म्हटलं, ही बया माझ्या सीटवर बसून स्वतःलाच बोल लावत असेल. सांगायला कुणी नको? ऊठ, दे माझी सायकल!"

अदलाबदल झाली. ऋजुता आपल्या सीटवर बसली आणि मंडळी, पाय नेमका पोहोचला! अंग तेच होतं हो. कुठेच गेलं नव्हतं!

ती माथ्यावर पोहोचली तेव्हा झेंड्याची दोरी सुटत होती, पण झेंडा अजून वरच होता. घाट दुसऱ्यांदा चढणारी देवयानी मागे राहिली. ती आली तेव्हा झेंडा खाली होता.

ऋजुता तिच्या गळ्यात पडून रडू लागली. देवयानी धापा टाकत म्हणाली, "रडणं पुढच्या वर्षी. आधी ते ओव्याचं पाणी दे. माझं सरबत तू संपवलंस!"

तर आबा, सायकली सारख्या झाल्या, होऊ देत. लांबून बघणाऱ्याला सारख्या दिसतात, बसणाऱ्याला दोन बोटांचा फरक कळतो. आणि खाली उतरून येणारं माणूस तर लांबूनही ओळखू येतं!

आता घरी जाल. सून दमलेली दिसेल, पोर मागे पडलेलं दिसेल. "शेजारच्यांना जमतं, तुलाच का नाही?" हे ओठांवर येईल. तेव्हा ओठ मिटा, मंडळी. चार पावलं खाली उतरा, जवळ जा आणि बघा — त्या जिवाला आपण कुणाच्या मापाच्या सीटवर बसवलंय?