भिंतीवरचं हेल्मेट

(स्टील प्लांटच्या शहरातली सुपेला वस्ती, सकाळचे नऊ. रस्त्याकडेच्या लांब भिंतीवर सात कामगारांचे चेहरे रंगवलेले आहेत. सातव्या चेहऱ्यापुढे शिडी लावलेली.)

समीक्षा : खाली उतरा बाबा. नाही तर मला चढू द्या.

देवाजी : शिडी धर तू. आपल्या भूपेंद्रच्या नाकाचा रंग उडाला, तेवढा लावून देतो.

समीक्षा : मी नाकाचं बोलून नाही राहिली. हेल्मेट हटाना है. उद्या चौकशीवाले साहेब स्वतः ही भिंत पाहाले येणार.

देवाजी : येऊ दे. रसमड्याच्या त्या एका फॅक्टरीत तीन सालात सात पोरं गेले. पाहू दे त्याले सातही तोंडं.

समीक्षा : सहा चेहरे मी काढले. कामाले जात होते तसेच. कोणाच्या डोक्याले गमछा, कोणाच्या काहीच नाही. दादाले तुम्ही काढलं. मीच म्हटलं होतं, बाबानं प्लांटमध्ये तीस साल बोर्ड रंगवले, बाबाचाच हात लागू दे. आणि तुम्ही त्याला हेल्मेट घालून दिलं.

देवाजी : आपल्या हातानं त्याले तसंच काढावं वाटलं नाही मले.

समीक्षा : मालूम है. पण फॅक्टरीच्या वकिलानं याचा फोटो फाइलमध्ये लावला. म्हणे, घरच्याईनंच चित्रात हेल्मेट दाखवलं, म्हणजे आम्ही दिलं होतं. पोरानं घातलं नाही, वरून पुली पडली, आमची काय गलती?

देवाजी : वकील काहीही म्हणते.

समीक्षा : तुम्ही म्हटलं बाबा! साहेबानं फोटो दाखवून विचारलं, हे हेल्मेट तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं का? तुम्ही म्हटलं, हो. खाली सही पण केली.

कौशल्या : काय होऊन राहिलं बाप-लेकीचं? गल्लीपर्यंत आवाज येते. चहा घ्या आधी.

समीक्षा : आई, तूच सांग यांना. हेल्मेट पुसू देत नाहीत.

कौशल्या : राहू दे ना बाई. मी दूध आणाले जाते तं रोज पाहते. डोक्यावर काहीतरी आहे पोराच्या, तेवढंच बरं वाटते.

समीक्षा : आपल्याला बरं वाटते आणि ते सुटून जातात. उद्या दुसऱ्या कोणाचा पोरगा गमछा बांधून त्याच पुलीखाली उभा राहील. समोर पाहा, रस्त्याच्या पल्याड, प्लांटवाल्याईच्या सेक्टरच्या भिंतीवर. पार्टीवाल्याईनं तीच फॅक्टरी रंगवली. चिमणीचा धूर पण पांढरा. खाली लिहिलं, रोजगार. आपल्या भिंतीवर दोन वेळा डांबर फेकलं, तं सेक्टरमधून एक माणूस इकडं नाही आला.

देवाजी : त्याईले मधात कावून घेते? सेक्टर सहाच्या क्वार्टरमधीच लहानाची मोठी झाली तू.

समीक्षा : म्हणूनच सांगते. परमनंटवाल्यासाठी ठेक्याचा मजूर माणूसच नसते.

कौशल्या : असं नको बोलू. तुझे बाबाबी परमनंटच होते.

समीक्षा : बाबा, इकडं पाहा. दादाजवळ हेल्मेट नव्हतंच. मग तुम्ही हो कावून म्हटलं?

देवाजी : पाहिलं होतं म्हणून.

समीक्षा : कुठं?

देवाजी : घरी. पेटीत. माझंच आहे ते, निळं, माझ्या हजेरीचा टिकट नंबर लिहिलेलं. रिटायर झालो तेव्हा प्लांटच्या साहेबानं ठेवू दिलं. भिंतीवर तेच काढलं मी. चौकशीच्या साहेबानं विचारलं, पाहिलं का, तं तेच डोळ्यापुढं आलं. तोंडातून हो निघून गेलं.

कौशल्या : तुमचं हेल्मेट पेटीतच पडून होतं. त्याचं भूपेंद्रशी काय?

देवाजी : मांगत होता तो. दोन वेळा मांगितलं. एकदा कामाले लागला तेव्हा, आन एकदा दिवाळी झाल्यावर. म्हणे, वरून लोखंड पडते बाबा, तुमचं तं पडूनच आहे.

समीक्षा : मग?

देवाजी : मी म्हटलं, प्लांटचं आहे. तीस साल ड्यूटी केली तेव्हा भेटलं. ठेकेदाराच्या मजुराच्या डोक्यावर नाही शोभत.

समीक्षा : बाबा...

देवाजी : सेक्टरमधल्या जुन्या शेजाऱ्याईले सांगून ठेवलं होतं मी, पोरगा सुपरवायझर आहे. नंबर पाहून कोणी ओळखलं असतं तं? लाज वाटली मले. त्यानं गमछा झटकला आन सायकल काढली.

समीक्षा : हे उद्या साहेबाला सांगाल? लिहून द्याल?

देवाजी : देईन. साहेबाचं भेव नाही. तुझ्या आईसमोर नव्हतं सांगायचं.

समीक्षा : आई, चहा सांडून राहिला. बस खाली.

कौशल्या : मी त्याच्यावरच चिडली होती. बॉडी घरी आली तेव्हा मनात म्हटलं, बापाचं एवढं मजबूत हेल्मेट घरी आहे, मांगितलं असतं तं काय झालं असतं तुले? वर्स झालं. वर्सभर मी पोरालेच दोष देऊन राहिली.

देवाजी : पांढऱ्या रंगाचा डबा दे, समीक्षा. मीच पुसतो.

कौशल्या : तुमी उतरा.

देवाजी : तुले शिडीवर नाही जमणार.

कौशल्या : उतरा म्हणते. ब्रश मले द्या. शिडी पकड, समीक्षा.

समीक्षा : फक्त हेल्मेटवर फिरव आई. कपाळाला नको लागू देऊ. वाळल्यावर बाकीचं मी काढते.

देवाजी : मी काय करू?

कौशल्या : तुमी रस्ता ओलांडा. पल्याड सेक्टरच्या बाजूले जाऊन उभे राहा. आन तिथून पाहून सांगा, उघडं दिसते का त्याचं डोकं.